गावभागातलं १९८८ चं घर: पावसाआधीच्या दुरुस्तीच्या नोंदी, २०२५

११ एप्रिल. पाहणी आणि वाटणी

सांगली, गावभाग. विटांच्या भारवाहू भिंती, तळमजला आणि वर एक मजला. पायाखाली काळी माती. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांचं पाणी घरात आलेलं. २०१९ ची रेघ जिन्याच्या भिंतीवर फरशीपासून ४ फूट ३ इंचांवर अजून दिसते. गच्ची २६ बाय २४ फूट, तिच्यावर ४ इंच ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आणि १००० लिटरची प्लास्टिकची टाकी. पाइप भिंतीतले जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे. वायरिंग मूळचंच. अर्थिंग आहे, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) नाही.

कामं: वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल, उत्तरेच्या खोलीच्या छतावर जुना तपकिरी डाग, दोन नळ गळके, दोन पंखे मंद, तळमजल्याच्या भिंतींना लोणा (विटांतलं मीठ वर येऊन प्लास्टर सुटणं), खिडकीच्या कोपऱ्यातून गेलेली तिरकी भेग, मोटर हवा ओढते.

घरी काय करायचं आणि कारागिराला काय द्यायचं हे सोपं-अवघड यावर ठरवलेलं नाही. प्रश्न एकच विचारला: चूक झाली तर ती कधी कळणार? वॉशर चुकला तर पाच मिनिटांत कळतं. भिंतीतला सांधा चुकला तर दोन वर्षांनी, तेही पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटल्यावर. चूक त्याच दिवशी उघडी पडणारी कामं घरी. प्लास्टर, फरशी किंवा कोब्याखाली झाकली जाणारी कामं कारागिराकडे, पण झाकण्याच्या वेळी तिथे उभं राहून.

निदान मात्र सगळ्याच कामांचं घरी. त्याला दोन-चार दिवस नुसतं बघत बसावं लागतं. कारागिराकडे तेवढा वेळ नसतो आणि बघण्याचे पैसे त्याला कोणी देतही नाही. म्हणून तो येतो, वर बघतो आणि नेहमी जे करतो तेच सांगतो.

१४ एप्रिल. स्वयंपाकघराचं छत

दीड फुटाचा ओला डाग. एप्रिलमध्ये छत ओलं असेल तर पावसाला दोष देता येत नाही. पाणी टाकीचं किंवा पाइपचं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली. ओल वाढतेय की सुकतेय हे मग अंदाजावर राहत नाही.

रंगीत पाणी सोडून माग काढायचा विचार झाला. हळदीच्या गावात हळद सुचणारच. पण हळद पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. शिवाय सिमेंटच्या क्षारामुळे लालसर होते आणि गंजाचे डाग आणि हळदीचे डाग यांतला फरक कळेनासा होतो. तो बेत सोडला.

टाकीच्या खालच्या पाइपला वर, मध्ये आणि गच्चीत शिरतो तिथे, अशा तीन ठिकाणी वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळली. तासाभराने वरची पट्टी भिजलेली, दोन तासांत तिन्ही. म्हणजे टाकीच्या कनेक्टरमधून पाणी झिरपून पाइपच्या अंगाने उतरत होतं. ते थेंब म्हणून खाली पडत नाही, त्यामुळे टाकीखाली कोरडं दिसतं. स्लॅबच्या भोकातून थेट स्वयंपाकघरात.

टाकी आउटलेटच्या खालपर्यंत रिकामी केली आणि १ इंची कनेक्टर खोलला. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन त्याला चिरा गेलेल्या. नवा वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, नट हाताने घट्ट, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. याहून आवळला की प्लास्टिकचा नट तडकतो, नाहीतर वॉशर बाहेर सरकतो. टेफ्लॉनची पट्टी फक्त आट्यांवर. वॉशर बसतो त्या सपाट भागावर नाही. बाहेरून एपॉक्सी पुटी थापण्याचा उद्योग इथे कायम फसतो, कारण ओल्या प्लास्टिकला ती धरतच नाही.

आज एवढाच एक बदल. त्याच दिवशी स्लॅबचं भोकही बुजवलं असतं तर गळती कशाने थांबली ते कळलं नसतं.

१६ एप्रिल. नळ

बेसिनचा नळ: अँगल कॉक बंद, स्पिंडल काढला, वॉशर बदलला, वीस मिनिटं. स्पिंडल काढण्याआधी बेसिनच्या जाळीवर फडकं टाकायचं, नाहीतर बारीक स्क्रू आत जातो.

न्हाणीघरातल्या अर्ध्या इंची नळाला वॉशर बदलूनही थेंब थांबेना. वॉशर नवा असूनही गळतं तेव्हा दोष बैठकीत, म्हणजे वॉशर टेकतो त्या कडेत असतो. पितळी कडेला पाण्याने बारीक खाच पाडलेली असते आणि नवा वॉशर तिच्यावर कितीही दाबला तरी तेवढी वाट उरतेच. बोट फिरवलं तर खाच नखाला लागते. जोर लावून बंद करण्याच्या सवयीने ती आणखी खोल होते. बैठक घासायचं हत्यार मिळतं, पण जुन्या नळावर त्यापेक्षा नवा नळ परवडतो.

आणि इथेच घरी करायचं काम हद्द ओलांडतं. जीआय पाइपवर बसलेला तीस वर्षांचा नळ सोडवताना आटे भिंतीच्या आतच गंजाने एक झालेले असतात. पान्याचा जोर नळावर पडतो, पण फिरतो आतला नीपल (नळ आणि पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा), आणि तो पहिल्या आट्याच्या खाचेत तुटतो, कारण धातू सगळ्यात पातळ तिथेच असतो. करकर असा आवाज आला आणि नळ अचानक हलका फिरू लागला, की नळ सुटला असं समजायचं नाही. नीपल तुटला.

तसंच झालं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं होतं. भिंतीच्या आत ते पोचतच नाही. सांधा उघडा असता तर दुसऱ्या पान्याने मागचा एल्बो (काटकोनी जोड) धरता आला असता. भिंतीत ती सोय नाही.

नळाच्या मागचा पाइप कोणता हे माहीत नसेल तर नळ फिरवण्याआधी तीन गोष्टी: टाकीचा मेन कॉक खरोखर बंद होतो का ते बघणं, अर्ध्या इंचाचा बाहेरून ठोकून बसणारा रबरी बूच जवळ ठेवणं, आणि काम सकाळी सुरू करणं. संध्याकाळी सातला नीपल तुटला तर रात्रभर घरात पाणी नाही.

१७ एप्रिल. प्लंबर

तुटलेला तुकडा प्लंबरने चौकोनी कानस ठोकून उलटा फिरवून काढला. आतल्या एल्बोचे आटे पावडर झालेले. दोन टाइल्स फोडून एल्बो आणि तीन फूट पाइप बदलला: सीपीव्हीसी या प्लास्टिकचा, नळाच्या तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ आवळला की एल्बो फाटतो. ही चूक घरच्यांइतकीच घाईतले प्लंबरही करतात.

भांडण झालं ते एका गोष्टीवरून. सांधे चिकटवायचं सोल्युशन लावून दहा मिनिटांत खाच सिमेंटने भरायची त्याची तयारी होती. "टाकीचं पाणी सोडून बघितलं की" हे पुरेसं नाही. टाकी नळापासून साधारण १८ फूट वर, म्हणजे दाब जेमतेम अर्धा बार. अर्धवट चिकटलेला सांधा एवढ्या दाबाला पहिल्या दिवशी तग धरतो. दाबाचा हातपंप लावून ७ बारवर अर्धा तास ठेवायला सांगितलं. एका सांध्याशी घाम सुटला. तो सांधा कापून नव्याने केला. पाइप सोल्युशनमध्ये पूर्ण आतपर्यंत सरकलेला नव्हता. पाव फेरा फिरवून वीस-तीस सेकंद धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतःहून थोडा मागे येतो.

खाच भरण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढला. पुढे कुणी आरशाचा खिळा ठोकताना हाच कामाला येईल.

१८ एप्रिल. लोणा

तळमजल्याच्या तीन भिंतींचं प्लास्टर साडेपाच फुटांपर्यंत, म्हणजे पुराच्या रेघेच्या सव्वा फूट वरपर्यंत उतरवलं. पोकळ वाजतं तेवढंच काढायचा मोह होतो, पण मिठाची कड नेहमी दिसते त्याच्या वर असते.

रंगारी पुट्टी आणि ओल रोखणारा रंग सुचवतात. त्याने दिवाळी निघते, होळी निघत नाही. विटेतलं पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं, पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक वाढतात. वर रंगाचा घट्ट पापुद्रा असेल तर स्फटिक त्याच्या मागे वाढून तोच ढकलून देतात. भिंतीला श्वास घ्यायला वाट हवी.

पांढरी बुरशी दिसते ते मीठच. कोरड्या ब्रशने झाडून, कागदावर गोळा करून बाहेर टाकलं. पाण्याने धुतलं तर ते परत विटेत जातं. दर पंधरा दिवसांनी हेच. नवं प्लास्टर १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग धुतलेली वाळू, आणि तेही पावसाळा उलटल्यावर. चार-सहा महिने उघड्या विटा बघत राहणं कुणालाच आवडत नाही. या कामात कौशल्य कमी, धीर जास्त.

२१ एप्रिल. पंखे

दोन्हींचे कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचे. मीटरवर एक १.६, दुसरा १.९ दाखवतो. बदलले. मेन बंद, कपॅसिटरची दोन टोकं इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने जोडून रिकामा केला, मग हात. वेग वाढवायला मुद्दाम मोठा कपॅसिटर घालू नये, वाइंडिंग तापतं. पंखा हाताने सैल फिरत नसेल तर कपॅसिटर बदलून उपयोग नाही, बेअरिंग बघायचं.

२४ एप्रिल. वायरिंग

हे काम घरी नाही, आणि ती निव्वळ सावधगिरी नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत रेषा आखलेली आहे: २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं अशा वस्तू क्षमता न बदलता आहे तशा बदलता येतात, वायरिंगमध्ये भर किंवा फेरबदल परवानाधारक ठेकेदाराकडून. ११ एप्रिलचा निकषही हेच सांगतो. वायरिंगची चूक दिवा लागला म्हणून नसते असं नाही; ती कुणीतरी ओल्या हाताने गीझरला हात लावेपर्यंत दिसत नाही.

केलेली कामं: ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी, तळमजल्याला एक आणि वरच्या मजल्याला एक. गीझर २ किलोवॅटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअर; तो १ चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरवर चालत होता. त्याला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन. तळमजल्याचे सगळे सॉकेट पाच फुटांवर नेले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला आली की तळमजल्याची लाइन खाली पाडायची, वरचा मजला चालू राहतो. ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही.

आरसीसीबी बसवल्यावर जिन्याचा दिवा लावला की दोन्ही पडायचे. इलेक्ट्रिशियनचा पहिला सल्ला: "जुन्या घरात ट्रिप होतातच, जिना बायपास करू." असं करायचं नाही. कारण शोधायला पाऊण तास लागला. जिन्याच्या दिव्याला फेज तळमजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा, कारण १९८८ साली जवळ सापडली ती वायर जोडलेली. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो. खालच्यातून गेलेला करंट वरच्यातून परत येतो, म्हणून खालच्याला वाटतं करंट गळाला आणि वरच्याला वाटतं जास्तीचा आला. जुन्या घरात आरसीसीबी "खराब" निघतात त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच. ९ मीटर न्यूट्रल नव्याने ओढली, प्रश्न संपला. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचं. वर्षानुवर्षं न हललेला खटका अडकून बसतो.

२९ एप्रिल. गच्ची, पाण्याची चाचणी

स्वयंपाकघराचा डाग पेन्सिलीच्या रेघेच्या दोन इंच आत सरकलाय. तो विषय संपला. आता उत्तरेच्या खोलीचा तपकिरी डाग: कोरडा, कडेला गोल वलयं. तो पावसाचा.

गच्चीला उतार साधारण १०० ला १. २४ फुटांत पावणेतीन-तीन इंचांचा फरक पडतो, म्हणून पूर्ण गच्ची एकदम भरता येत नाही. पन्हाळ्याशी तीन इंच पाणी होतं तेव्हा वरचं टोक कोरडंच. विटा आणि चिकणमातीचा बांध घालून दोन भाग केले. त्याने दुसराही फायदा: कुठला भाग गळतो ते वेगळं कळतं. पन्हाळ्यात फडकं घातलेला बूच. कठड्याला तीन ठिकाणी पट्टी चिकटवून पातळीची खूण.

शेजारी घमेल्यात पाणी भरून ठेवलं. या उन्हात नुसत्या बाष्पाने किती उतरतं हे माहीत नसेल तर चाचणीला अर्थ नाही. २४ तासांत घमेल्यात ८ मिलिमीटर उतरलं. दक्षिण भागात ९. उत्तर भागात १९.

२ मे. कोबा वाजवणं, तीन भाव

लाकडी दांड्याने उत्तर भाग वाजवत गेलो. मोहल्ल्यातल्या जुन्या गवंड्याने करणीच्या मुठीने पाच मिनिटांत तेच काम केलं: "आवाज ऐका की, डबड्यागत येतोय. हितनं पार तिकडच्या कोपऱ्यापतूर सुटलंय." पोकळ पट्टा कठड्याच्या बुडाला धरून, पन्हाळ्यापर्यंत. शिवाय मधल्या कोब्यात एकूण ४६ फूट लांबीच्या भेगा.

कोब्याची अडचण अशी की वर भेग दिसते तिथे खाली गळत नाही. विटांच्या तुकड्यांमध्ये पाणी आडवं फिरतं आणि स्लॅबला जिथे वाट मिळते तिथे उतरतं, कधी आठ-दहा फूट लांब. डागाच्या बरोबर वर डबाभर रसायन ओतून काही होत नाही ते यामुळे.

भाव तीन आले. पहिला: जुन्या कोब्यावर नवा कोबा, चौरस फुटाला १२५ रुपये. ६२४ चौरस फुटांवर ४ इंच म्हणजे सुमारे ११ टन नवं वजन, काळ्या मातीवरच्या भारवाहू भिंतींवर, आणि खालचा ओला कोबा आत तसाच. बाद. दुसरा: चौरस फुटाला ४५ रुपयांत कोटिंग, दहा वर्षांची गॅरंटी. गॅरंटीत काय बसतं हे विचारल्यावर कळलं की भेगा पडल्यास नाही, कठड्याच्या सांध्याला नाही, पन्हाळ्याला नाही. गळतं ते याच तीन ठिकाणी. तिसरा तोच जुना गवंडी: फक्त वाटा आणि पन्हाळं, रोजावर, साहित्य घरचं. वाटा म्हणजे कठडा आणि गच्ची जुळते त्या कोपऱ्यातला गोलसर उतार.

ठरलं: भेगा आणि कोटिंग घरी, वाटा आणि पन्हाळं गवंड्याकडे. गवंडी मेअखेर मोकळा होणार. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरलेला.

७ ते ९ मे. भेगा

ग्राइंडरला डायमंड पाती लावून भेगेच्या दोन्ही बाजूंनी काप, २० मिलिमीटर रुंद आणि २० खोल चौकोनी खाच. व्ही आकाराची खाच करतात तिच्या काठाला मसाला कागदासारखा पातळ होतो आणि तिथूनच निघतो. गॉगल आणि मास्क शिवाय हे काम नाही. धूळ शेजाऱ्यांच्या वाळवणात जाते, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं.

४६ फुटांना साधारण साडेबारा किलो मसाला बसला: लॅटेक्स (मसाल्यात मिसळायचं चिकट द्रव) ६०० ग्रॅम, सिमेंट ३ किलो, चाळलेली वाळू ९ किलो. म्हणजे १:५:१५, वजनाने. घमेल्याच्या मापाने वाळू ओली-कोरडी असेल तशी फसवते. पहाटे सहाला सुरुवात, एका वेळी ३ किलोच कालवायचं. या उन्हात अर्ध्या तासात ते ओढायला लागतं आणि मग पाणी घालून सैल केलं की ताकद गेली. उरलेलं फेकायचं, जीव तुटला तरी.

खाच आधी भिजवून ओलसर, पण आत पाणी साचलेलं नको. लॅटेक्स-सिमेंटचा पातळ हात ब्रशने लावून तो चिकट असतानाच मसाला दाबायचा. तो हात सुकला तर जोडण्याऐवजी वेगळा पापुद्रा होतो. एका सहा फुटी भेगेत नेमकं तेच झालं, दुसऱ्या दिवशी मसाला सलग पट्टीसारखा उचकटून आला. परत केलं.

१२ मे. कोरडेपणाची चाचणी

दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक, चारी बाजूंनी टेप, १६ तास. तीन ठिकाणी लावलं. मध्यावर आणि कठड्याशी कोरडं. पन्हाळ्याजवळ आतून थेंब. चाचणीचं पाणी तिथे कोब्यात मुरलेलं.

१९ मे. कोटिंग

अॅक्रिलिक कोटिंगचा पहिला हात पातळ करून, दुसरा आडवा, भेगांवर मध्ये जाळीचं कापड. पन्हाळ्याजवळची चाचणी पुन्हा केली नाही. आठवडाभर ऊन होतं, वर कोरडं दिसत होतं.

२२ मे. वळीव

२० तारखेपासून रोज संध्याकाळी पाऊस. पन्हाळ्याजवळ दहा-बारा चौरस फुटांत फुगे, काही तळहाताएवढे. टोचला की आत पाणी. वरचं कोटिंग पाण्याला अडवतं तसं खालून वर येणाऱ्या वाफेलाही अडवतं. ऊन पडलं की वाफ त्याला उचलते. मध्यावरचा भाग ठाकठीक. म्हणजे माल चांगला होता, हातही नीट बसला होता. १२ तारखेचे थेंब तेवढे मानले नाहीत.

२८ मे. वेळापत्रक गेलं

मान्सून २४ मे रोजी केरळात, २६ ला मुंबईत. एरवी १ आणि ११ जून. गवंड्याची सगळीच कामं अडकली. कोणाचीच गच्ची सुकत नाही. ताडपत्री घातलेली नाही: तिच्याखाली घाम धरतो आणि कोबा आणखी ओला होतो.

साहित्य बदललं. अॅक्रिलिकला कोरडा तळ लागतो. सिमेंट-पॉलिमरच्या दोन भागांच्या कोटिंगला ओलसर चालतो, किंबहुना तो ओलसर करूनच घ्यावा लागतो. फक्त पाणी उभं नको. पाऊस तोंडावर असताना हेच आधी घ्यायला हवं होतं.

४ ते ६ जून. उघडीप, गवंडी

पोकळ पट्टा छिन्नीने उकरला, नऊ इंच रुंद. कठड्याच्या बुडाला सरळ काटकोन, वाटा मुळात नव्हताच. पन्हाळं सगळ्यात वाईट: ४ इंची पीव्हीसी पाइप भिंतीतून नुसता सरकवून बाजूला सिमेंट फासलेलं. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, सुकताना केसाएवढी फट राहतेच. नवा पाइप सॅंडपेपरने खरवडला, बाहेरून सोल्युशन लावून त्यावर कोरडी वाळू शिंपडली. वाळू चिकटली की खरखरीत अंगाला सिमेंट पकडतं. गवंड्याला हे नवीन होतं, पण पाइप हातात घेऊन अंगठ्याने घासल्यावर लगेच पटलं. भोवती न आकसणारं ग्राउट.

वाटा ३ इंचांचा, १:३ मसाल्याचा, लॅटेक्ससह. इथे गवंड्याच्या हाताला तोड नाही. बाटलीचं बूड फिरवत त्याने ५० फूट वाटा एकसारखा ओढला. घरी केलेल्या दीड फुटाच्या नमुन्यात चार ठिकाणी खड्डे होते. गोणपाट ओलं करून तीन दिवस झाकलं. फुगे आलेला भाग कापून काढला, त्यावर आणि वाट्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, कठड्यावर एक फूट वर चढवून.

रोज दोन दिवसांचा, एक गवंडी आणि एक बिगारी. कोब्याच्या भावाच्या आठव्या हिश्श्यात बसलं.

९ जून. मोटर

अर्ध्या एचपीची सेल्फ-प्रायमिंग. प्रायमिंगच्या बुचातून पाणी भरून दहा मिनिटं बघितलं: पातळी उतरते, म्हणजे फूट वॉल्व्ह (ओढणाऱ्या पाइपच्या खालच्या टोकाची एकतर्फी झडप) किंवा सक्शनचा सांधा. फूट वॉल्व्हच्या पडद्यावर खडा अडकलेला. काढला, धुतला, झालं. पुराच्या रेघेवर राहावी म्हणून मोटर साडेचार फुटांच्या ओट्यावर चढवली. हौदाच्या तळापासून ओढ साडेदहा फूट, चालते. सील बदलायची वेळ आली तर कार्बनच्या तोंडाला बोट लावायचं नाही, तेलकट ठसा पुरतो गळायला. मोटरच्या सुट्या भागांची चिंता या जिल्ह्यात करायची नसते. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी इथल्याच पलूस तालुक्यात. पंप खोलता येणारा माणूस गल्लीत एक तरी असतो.

२८ जून. मोजमाप

तिरकी भेग: खिडकीच्या कोपऱ्याशी एप्रिलमध्ये २.५ मिलिमीटर, आज १.५. काळी माती भिजून फुगली की अशा भेगा मिटतात, उन्हाळ्यात परत उघडतात. मे महिन्यात कडक मसाल्याने भरली असती तर पावसात त्याच मसाल्याने कडा फोडल्या असत्या. दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा आणि तारखा. जानेवारीपर्यंत दर महिन्याला नोंद. एकाच दिशेने वाढत गेली तर गवंडी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर.

उत्तरेची खोली: चार मोठे पाऊस झाले. डागाची रेघ हललेली नाही. जुन्या वलयाच्या आत नखाने खरवडलं तर चुना कोरडा.

पन्हाळं: पाइपच्या खालच्या अंगाला कागदाची पट्टी गुंडाळली, सहा तासांच्या पावसानंतर कोरडी. जाळीत पिंपळाची पानं अडकून दोन इंच पाणी तुंबलं होतं, ते काढलं.

लोण्याच्या भिंती: झाडलेलं मीठ एप्रिलमध्ये वाटीभर, आज दोन चमचे. प्लास्टर अजून नाही.